सिस्टर म्हणून पाठवलेली सहायक: घरी रुग्णसेवेच्या कामाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

ठाणे आणि नवी मुंबई भागात रुग्णसेवेचे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांना पहिले काम मिळून ते टिकेपर्यंत सोबत करणे हे माझे काम आहे. हे प्रकरण त्यांपैकी एका बाईंचे आहे. त्यांना मी येथे फक्त ‘ताई’ म्हणणार आहे. त्यांच्या संमतीने लिहीत असले, तरी ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई ३९ वर्षांच्या, दहावी पास, कळवा पूर्वेला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या. रबाळ्याच्या एका कारखान्यात हेल्पर असलेल्या नवऱ्याचे काम सुटले, तेव्हा त्या पाच घरच्या पोळ्या करत होत्या. त्याआधी सासूबाईंचे खुब्याचे हाड मोडले होते आणि आठ महिने त्यांचे सगळे अंथरुणातच करावे लागले होते. कूस बदलणे, अंग पुसणे, बेडपॅन देणे हे ताईंनी त्या काळात कोणी न शिकवता केले आणि सासूबाईंच्या पाठीला एकही जखम होऊ दिली नाही. ‘हे मला जमतं, मग ह्याचेच पैसे का मिळवू नयेत,’ असे त्यांनी पहिल्याच भेटीत मला सांगितले होते आणि त्यात काहीही चूक नव्हते.

त्यांनी जनरल ड्यूटी असिस्टंट, म्हणजे ज्याला सगळे ‘जीडीए’ म्हणतात, तो अभ्यासक्रम एका सरकारी कौशल्य योजनेतून विनामूल्य पूर्ण केला. आधी वर्ग झाले आणि नंतर एका रुग्णालयाच्या वॉर्डात प्रत्यक्ष काम झाले. मे महिन्यात प्रमाणपत्र हातात आले. पुढे जे घडले ते समजण्यासाठी हे प्रमाणपत्र कशाचे आहे आणि कशाचे नाही, हे नीट पाहावे लागते. जीडीए हा रुग्णाची दैनंदिन काळजी घेणारा सहायक असतो. नर्स होण्यासाठी एएनएम, जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग यांपैकी एक शिक्षण आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडील नोंदणी लागते. एएनएम हा त्यांतला सर्वांत लहान अभ्यासक्रमही दोन वर्षांचा आहे, त्याला बारावी लागते आणि प्रवेशासाठी वयाची मर्यादा ३५ वर्षे आहे. म्हणजे तो दरवाजा ताईंसाठी दोन्ही बाजूंनी बंद होता. ही गोष्ट आम्ही त्यांना सुरुवातीलाच स्पष्ट सांगितली, कारण ‘पुढे नर्स होता येईल’ अशा आशेवर अनेक बायका या अभ्यासक्रमाला येतात आणि नंतर मनातून मोडतात.

काम शोधताना समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय रुग्णालयातील वॉर्डाचा होता. ठाण्यातील एका खासगी रुग्णालयात कंत्राटदारामार्फत जागा होती. पगार महिना साडेबारा हजार रुपये, तीन पाळ्या, आठवड्याला एक सुट्टी, भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा). मासिक वेतन २१ हजार रुपयांपर्यंत असलेल्या कामगाराला ईएसआय लागू होते. कामगाराच्या वेतनातून त्यासाठी जेमतेम पाऊण टक्का कापला जातो आणि त्या बदल्यात कुटुंबाच्या औषधोपचाराची सोय होते. घरात दोन मुले आणि कामावाचून बसलेला नवरा असताना ही मोठी गोष्ट होती.

दुसरा पर्याय ब्युरोचा होता. ब्युरो घरोघरी अटेंडंट पाठवतो, रुग्णाच्या घरच्यांकडून म्हणजे ‘पार्टी’कडून पैसे घेतो आणि आपला हिस्सा ठेवून बाकीचे बाईला देतो. सकाळी आठ ते रात्री आठ अशा १२ तासांच्या ड्युटीला ताईंना रोज ७०० रुपये सांगण्यात आले. महिन्याचे २६ दिवस भरले, तर हिशेब १८ हजार २०० रुपयांवर जातो. तिसरा पर्याय २४ तासांच्या ड्युटीचा, म्हणजे रुग्णाच्या घरीच राहण्याचा होता. त्यात पैसे सर्वांत जास्त होते, पण धाकटी मुलगी नऊ वर्षांची असल्याने ताईंनी तो विचारातही घेतला नाही. ओळखीतून थेट काम मिळवणे हा चौथा मार्ग होता, पण नव्या बाईला ओळखी कुठून असणार?

ताईंनी ब्युरो निवडला. मी तेव्हा त्यांना रुग्णालयाकडे वळवण्याचा फार आग्रह धरला नाही. खोलीचे दोन महिन्यांचे भाडे थकले होते आणि ५,७०० रुपयांचा फरक त्या घरात खरोखरच फरक होता. फक्त त्या हिशेबात आम्ही दोघींनीही २६ दिवस गृहीत धरले होते. जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत ताईंना प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी दिवस काम मिळाले.

ब्युरोने नाव नोंदवताना २,००० रुपये डिपॉझिट घेतले आणि दहावीची मूळ गुणपत्रिका व जीडीएचे मूळ प्रमाणपत्र ‘फाइलला लागतं’ म्हणून ठेवून घेतले. पावती फक्त पैशांची मिळाली, तीही साध्या चिठ्ठीवर.

अडचण कशी वाढत गेली

पहिली ड्युटी नौपाड्यात रात्रपाळीची होती. कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील आजी चौथ्या रात्री गेल्या. ताईंनी पहाटे घरच्यांच्या बरोबरीने सगळे आवरले आणि घरी येऊन रडल्या. ‘पार्टीने पैसे दिले नाहीत’ या कारणाने ब्युरोने चार रात्रींपैकी दोन रात्रींचेच पैसे दिले, तेही सहा आठवड्यांनी.

दुसरी ड्युटी वाशीत, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या एका काकूंकडे होती. पहिल्या दिवशी काकूंबरोबर घरातल्या सगळ्यांचा चहा, दुसऱ्या दिवशी पोळ्या, चौथ्या दिवशी फरशी. ताईंनी पाचव्या दिवशी ब्युरोला फोन केला, तेव्हा ‘जमवून घ्या’ हे उत्तर मिळाले. त्यांनी सहाव्या दिवशी काम सोडले आणि पुढचे १७ दिवस त्यांना एकही ड्युटी मिळाली नाही. ‘काम सोडणारी बाई’ असा शिक्का एकदा बसला, की ब्युरोतून येणारे फोन थांबतात. शिक्षा म्हणून हे पुरेसे असते आणि ताईंनी त्यातून घेतलेला धडा, माझ्या मते, सर्वांत घातक होता. पुढच्या घरी कशालाही नाही म्हणायचे नाही, असे त्यांनी ठरवून टाकले.

तिसरी ड्युटी ऑगस्टमध्ये घणसोलीत मिळाली. ७२ वर्षांचे आजोबा, पक्षाघातानंतर डावी बाजू लुळी, नाकातून राईल्स ट्यूब (पातळ अन्न, म्हणजे ‘फीड’, पोटात देण्याची नळी), लघवीची नळी आणि जुना मधुमेह. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करणारे, माणसे सालस. ब्युरोने त्यांना ‘सिस्टर पाठवतो’ असे सांगितले होते. ताईंना पांढरा कोट घालून जायला सांगितले होते. दारात सूनबाईंनी ‘या सिस्टर’ म्हटले आणि ताईंनी ते दुरुस्त केले नाही.

या प्रकरणातील पहिला निर्णायक क्षण मी तो मानते, कारण पुढचे सगळे त्या एका संबोधनातून आले. त्याच संध्याकाळी सूनबाईंनी इन्सुलिनचे पेन दाखवले, आकडा कसा फिरवायचा, पोटावर कुठे टोचायचे, टोचल्यावर दहापर्यंत मोजून मग सुई काढायची. ‘तुम्हाला हे माहीतच असेल म्हणा,’ असेही त्या म्हणाल्या. ताईंना ते माहीत नव्हते. तरीही दुसऱ्या दिवसापासून सकाळचे १४ युनिट त्या देऊ लागल्या आणि १० दिवस देत राहिल्या. बाकीचे काम मात्र त्या उत्तम करत होत्या. दर दोन तासांनी कूस बदलणे, शर्ट घालताना लुळा हात आधी आणि काढताना शेवटी, लघवीची पिशवी कायम मूत्राशयाच्या पातळीखाली, आणि उठवताना लुळ्या हाताला धरून कधीही न ओढणे. खुर्ची त्या आजोबांच्या उजव्या, म्हणजे ताकद असलेल्या बाजूला लावत आणि ‘आजोबा, उजवा पाय घट्ट रोवा, मी आहे’ म्हणत त्यांना वळवून बसवत. आजोबांचे वजन ७४ किलो आणि ताईंचे ४८.

बाराव्या दिवसाची सकाळ

त्या दिवशी ताई आठला पोहोचल्या, तेव्हा मुलगा आणि सून दोघेही निघून गेले होते आणि घरात रात्रपाळीची बाई व आजी होत्या. रात्रपाळीची बाई चप्पल घालता घालता म्हणाली, की रात्री दहाचे फीड आजोबांनी उलटून टाकले आणि सकाळी सहाचे मी दिलेच नाही, भीती वाटली. एवढे सांगून ती गेली.

फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेल्या कागदावर मुलाच्या अक्षरात लिहिले होते: ‘सकाळी ८.१५ – इन्सुलिन १४, मग फीड.’ ताईंनी नेहमीप्रमाणे बोटातून थेंब घेऊन शुगर पाहिली. यंत्राने ६४ दाखवले. त्यांनी आजोबांच्या कपाळावर हात ठेवला, तर ते गार आणि घामाने ओले होते. आजोबा डोळे उघडून पाहत होते, पण हाकेला नेहमीसारखे ‘हं’ म्हणत नव्हते.

रक्तातील साखर ७० च्या खाली जाणे म्हणजे ती धोकादायकरीत्या कमी होणे, हे वर्गात शिकवले होते. त्याचबरोबर कागदावर १४ लिहिलेले होते, पेनचा आकडा १४ वर फिरवलेला होता, आणि मागच्या घरी नाही म्हटल्यामुळे १७ दिवस घरी बसावे लागले होते. ताई नंतर मला म्हणाल्या, की त्या पेन हातात धरून ओट्याजवळ उभ्या राहिल्या आणि त्यांना सासूबाई आठवल्या. त्यांनी आकडा शून्यावर आणला आणि पेन फ्रिजमध्ये ठेवून दिले.

मुलाचा फोन लागला नाही. तो त्या वेळी लोकलमध्ये होता. सूनबाईंनी उचलला नाही. तेव्हा ताईंनी डिस्चार्जच्या फाइलवरचा डॉक्टरांचा नंबर शोधून लावला. आकडा, घाम, उलटी आणि राहिलेले फीड हे त्यांनी क्रमाने सांगितले. डॉक्टरांनी इन्सुलिन अजिबात देऊ नका, नळी जागेवर आहे याची खात्री करा, डोके उंच करून साखरेचे पाणी सावकाश द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, असे सांगितले. मग त्यांनी विचारले, ‘तुम्ही कोण बोलताय, सिस्टर का?’ आणि ताई पहिल्यांदाच म्हणाल्या, ‘नाही डॉक्टर, मी सिस्टर नाही. मी अटेंडंट आहे.’

१५ मिनिटांनी आकडा ९७ आला. आजोबांनी हाकेला ‘हं’ म्हटले. ताईंनी मला फोन केला तो त्यानंतर.

त्यानंतर काय काय करता आले असते

त्या रात्री आम्ही फोनवर दीड तास बोललो. ताईंचा पहिला विचार काम सोडण्याचा होता. तो सुरक्षित होता, पण त्याने दुसऱ्यांदा ‘सोडणारी’ हा शिक्का बसला असता आणि आजोबांकडे ब्युरोने आणखी एखाद्या बाईला सिस्टर म्हणून पाठवले असते. दुसरा विचार इन्सुलिन देणे नीट शिकून घेऊन ते चालू ठेवण्याचा होता. पुष्कळ घरांत घरचीच माणसे इन्सुलिन देतात, मग ताईंनी का देऊ नये, हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे होते, की घरचा माणूस डॉक्टरांशी थेट बोलून आपल्या माणसाची जबाबदारी घेतो. परक्या घरात नर्स म्हणून पाठवलेली आणि नर्स नसलेली बाई मात्र, काही बिघडले तर, एकटी उभी राहते. त्या वेळी ना ब्युरो मागे असतो, ना प्रमाणपत्र.

तिसरा मार्ग होता घरच्यांना खरे सांगून कामाची मर्यादा कागदावर आणण्याचा. यात काम जाण्याचा धोका होता. ताईंनी रात्रभर विचार केला आणि हाच मार्ग धरला.

काय केले

रविवारी मुलगा आणि सून घरी असताना ताई बोलल्या. मी सोबत जाऊ का, असे विचारले होते, पण त्यांनी नको म्हटले. आदल्या दिवशी आम्ही दोघींनी एक पानाचा कागद तयार केला होता, साध्या मराठीत, दोन रकान्यांचा. डाव्या रकान्यात ताई करणार ती कामे होती: स्नान, डायपर, कूस बदलणे, खुर्चीत बसवणे, डॉक्टरांनी ठरवलेले फीड नळीतून देणे आणि त्यानंतर अर्धा तास डोके उंच ठेवणे, शुगर व रक्तदाब मोजून वहीत लिहिणे, वेळ झाली की औषधाची आठवण करणे, आजोबांचे कपडे आणि त्यांच्या खोलीची स्वच्छता. उजव्या रकान्यात न करण्याची कामे होती: कोणतेही इंजेक्शन, नळी निसटली तर ती परत सरकवणे, ड्रेसिंग, औषधाचा डोस स्वतःच्या मनाने बदलणे, घरातल्या इतरांचा स्वयंपाक. खाली दोन फोन नंबर आणि दोन सह्यांची जागा.

मुलगा आधी गप्प बसला, मग संतापला. पण तो राग ताईंवर नव्हता. ब्युरो त्याच्याकडून ‘सिस्टरचा रेट’ म्हणून रोज १,३०० रुपये घेत होता. ताईंच्या हातात ७०० पडत होते. हे दोन्ही आकडे त्या टेबलाशी पहिल्यांदा एकमेकांसमोर आले. फसवणूक दोन्हीकडे झाली होती, आणि हे कळल्यावर बोलण्याचा सूरच बदलला.

ठरले ते असे. सूनबाई निघण्याची वेळ अर्ध्या तासाने पुढे नेतील, शुगर पाहून इन्सुलिन स्वतः देतील आणि मग बाहेर पडतील. एक वही आजोबांच्या उशाशी राहील आणि रात्रीची बाई त्यात लिहिल्याशिवाय जाणार नाही. मुलाने ब्युरोशी बोलून दर अटेंडंटचा, म्हणजे १,००० रुपये करून घेतला आणि त्यातले ८०० ताईंना मिळतील असे व्हॉट्सॲपवर लिहून घेतले. ब्युरोच्या माणसाने ताईंना फोन करून ‘असले कागद दाखवलेत तर पार्टी पळेल’ असे सुनावले. पार्टी पळाली नाही.

मुलाने आणखी एक प्रस्ताव ठेवला होता: ब्युरो सोडून थेट आमच्याकडे या, ९५० देतो. ताईंनी तेव्हा नकार दिला, कारण त्यांची मूळ कागदपत्रे अजून ब्युरोत होती आणि आजारी पडल्यास बदली बाई देणारे दुसरे कोणी नव्हते. तो नकार शहाणपणाचा होता, असे मला आजही वाटते.

मूळ कागदपत्रांसाठी आम्ही दोघी तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर पोच मागितली, तेव्हा पोच देण्याऐवजी त्यांनी कागदपत्रेच काढून दिली.

परिणाम

ताईंनी त्या घरी सात महिने काम केले. सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी राईल्स ट्यूब काढली, चौथ्या महिन्यात आजोबा खुर्चीतून गॅलरीपर्यंत जाऊ लागले आणि अखेरीस वॉकर धरून स्वयंपाकघरात. पाठीला जखम झाली नाही. काम संपले तेव्हा घरच्यांनी ताईंना लेखी पत्र दिले, त्यात त्या सकाळचा उल्लेख आहे. पुढचे काम त्याच डॉक्टरांच्या सांगण्यावरून ऐरोलीत थेट मिळाले. तिथे रोज ९०० रुपये मिळतात आणि ते सगळे हातात येतात.

मात्र तिथे बदली बाई नाही. जानेवारीत ताई तापाने सहा दिवस घरी होत्या, त्या सहा दिवसांचे काहीही मिळाले नाही. ईएसआय नाही, निधी नाही. २,००० रुपयांचे डिपॉझिट परत आलेले नाही. आणि त्यांची कंबर दुखते.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी आमच्या बाजूचे सांगते. आमच्या वर्गात काम कसे करायचे ते तपशिलाने शिकवले गेले. कोणते काम आपले नाही आणि ते घरच्यांना कोणत्या शब्दांत सांगायचे, हे शिकवले गेले नाही. वाशीच्या घरी ताईंना ‘मी पेशंटचं सगळं करेन, घरकामाला वेगळी बाई बघावी लागेल’ हे वाक्य पहिल्याच दिवशी, चहाच्या वेळी बोलता आले असते, तर कदाचित सहाव्या दिवशी काम सोडावे लागले नसते, आणि घणसोलीत त्या इतक्या घाबरलेल्या नसत्या. आता आम्ही वर्गातच एकीला सूनबाई आणि एकीला अटेंडंट करून हे संवाद बोलायला लावतो. पहिल्या दोन वेळा सगळ्या हसतात, तिसऱ्या वेळी आवाज स्थिर होतो.

मूळ कागदपत्रे द्यायलाच नको होती. साक्षांकित प्रत पुरते. डिपॉझिटबाबत मला इतकी खात्री नाही, कारण ते दिल्याशिवाय अनेक ब्युरो नावच घेत नाहीत. पण परत कधी आणि कोणत्या अटीवर मिळणार, हे पावतीवर लिहून घेता आले असते.

रुग्णालयाच्या पर्यायाबाबत मी आज थोडी वेगळी भूमिका घेतली असती. सहा महिने वॉर्डात काम केले असते, तर शेजारी रोज नर्स दिसली असती आणि नर्सचे काम कुठे सुरू होते हे ताईंना न सांगता कळले असते. थकलेले भाडे हा अडथळा होता, पण त्यासाठी बचत गटाचे छोटे कर्ज पाहता आले असते. ते आम्ही सुचवलेच नाही.

वजन उचलण्याकडेही उशिरा लक्ष गेले. अंथरुणात वर सरकवताना अंगाखाली आडवी दुमडलेली चादर घालून दोघींनी दोन बाजूंनी ओढायचे असते, एकटीने काखेत हात घालून नव्हे. घरात आजी होत्या, पण त्यांच्याने ते होण्यासारखे नव्हते. सकाळ-संध्याकाळ ड्युटी बदलताना दोन्ही बायका दहा मिनिटे एकत्र असतात, त्या वेळेत हे काम ठेवले असते तर बरे झाले असते.

एकट्या पुरुष रुग्णाच्या घरची रात्रपाळी ताईंनी दोनदा नाकारली होती, आणि ब्युरोने त्याचा राग धरला. २०१३ च्या कायद्यात घर हेसुद्धा कामाचे ठिकाण धरले आहे आणि तिथल्या लैंगिक छळाची तक्रार तीन महिन्यांच्या आत जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. ही माहिती आम्ही ताईंना प्रशिक्षणानंतर चार महिन्यांनी दिली. ती पहिल्या आठवड्यात द्यायला हवी होती.

आणि रात्रपाळीची ती बाई. भीती वाटली म्हणून तिने सहाचे फीड दिले नाही, म्हणजे तिला धोका कळला होता, पण कोणाला उठवायचे आणि काय बोलायचे हे कळले नव्हते. या प्रकरणात तिच्याशी कोणीच बोलले नाही, मीही नाही. मागच्या महिन्यात ती कळव्याला ताईंकडे आली. ब्युरो तिला अजूनही सिस्टर म्हणूनच पाठवतो. तिला त्या दोन रकान्यांच्या कागदाची एक झेरॉक्स हवी होती.